मुंग्यांचं छान लिहिलंय

काकूने पुस्तक परत दिलं आणि एवढंच म्हणाली, "मुंग्यांचं छान लिहिलंय." बस. सव्वाशेच्या आतबाहेर पानांचं पुस्तक, तिने एका दुपारीच संपवलं असणार, कारण तिचं वाचन जबरी आहे, लग्नाआधी रुपारेलमधून इंग्लिश घेऊन बीए केलेली बाई, आणि मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाल्यापासून तर सुटलीच आहे. मी म्हटलं अजून? तर म्हणे अजून काय, छोटं आहे, बरं आहे, चहा टाकू का. मी चहा प्यायले, पुस्तक पर्समध्ये टाकलं, दादरला ट्रेन पकडली आणि कुर्ल्यानंतर बसायला मिळालं तेव्हा उगाच चाळायला म्हणून उघडलं तर एका पानाचा कोपरा दुमडलेला. मी पानं दुमडत नाही. कुणी दुमडलेलं दिसलं तरी माझ्या पोटात ढवळतं, आमच्या घरी यावरून रीतसर भांडणं झालेली आहेत. माझ्या पुस्तकांत खूण म्हणून बिलं, तिकिटं, हेअरपिना, काय वाट्टेल ते सापडेल पण दुमडलेला कोपरा नाही. म्हणजे तो काकूचा. आणि ते पान मुंग्यांचं नव्हतं.

ते दारात आलेल्या बाईचं होतं.

पुस्तक म्हणजे विवेक शानभागांचं 'घाचर घोचर'. मूळ कन्नड, २०१३ सालचं, मी वाचलं ते श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजीतून. बऱ्याच जणांनी वाचलं असेल, मीच उशिरा वाचलं, आणि खरं सांगायचं तर जाडी बघून घेतलं, कारण लेडीज डब्यात उभ्याने एका हातात धरता येईल अशीच पुस्तकं हल्ली माझ्याकडून पूर्ण होतात. बंगळुरूचं कुटुंब, आधी दोन पैसे मोजून जगणारं, मग धाकट्या काकाचा मसाल्यांचा धंदा चालतो आणि पैसा येतो. कन्नडमध्ये त्याला चिक्कप्पा म्हणतात, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, म्हणजे थेट आपला काका. अख्खं घर या काकाच्या मर्जीभोवती फिरतं. त्याला चहा कधी लागतो, त्याला काय आवडतं, त्याची झोप. गोष्ट सांगणारा पुतण्या कंपनीत नावाला डायरेक्टर, काम काही नाही, पगार मात्र येतो, आणि हा बाबा कॉफी हाऊसमध्ये बसून राहतो. लेखकाने त्याला नावसुद्धा दिलेलं नाही. हे मला मुलुंड ते भांडुपपर्यंत गमतीचं वाटत होतं. विक्रोळीपर्यंत थोडं कमी गमतीचं वाटायला लागलं.

कारण आमच्याकडेही सगळं काकाचं होतं.

(पुस्तक वाचायचं असेल त्यांनी हा पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, शेवट मी सांगत नाहीये.) तर एक बाई या घराच्या दारात येते. हातात डबा, डब्यात मसूरची आमटी, काकासाठी आणलेली, कारण त्याला आवडते. काका बाहेर येत नाही. येतात घरातल्या बायका, आई आणि बहीण, आणि तिला असं काही बोलतात की वाचताना मी पुस्तक छातीशी धरलं, न जाणो शेजारचीने वाचलं तर. निवेदकाची बायको अनिता, नवीन आलेली, ती एकटी विचारते की हे काय चाललंय. आणि हा आमचा निवेदक? हा आहे तिथेच. वाईट बोलत नाही, मारत नाही, फक्त आहे. मी शीवला होते तेव्हा. नंतर माटुंगा, दादर, परळ गेलं ते कळलंच नाही, आणि करी रोडला सवयीने बाहेर बघितलं, आमची चाळ होती त्या बाजूला, जिथे आता काचेचा टॉवर आहे, आणि पुस्तक बंद केलं. सीएसएमटीपर्यंत नुसती बसून होते. बसायला जागा मिळालेली असताना न वाचता नुसतं बसणं म्हणजे काय ते रोज ट्रेनने जाणाऱ्यांना कळेल.

आता आमचं. आजोबा मिलमध्ये. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी अडीच वर्षांची, मला आठवायचं काही कारण नाही, पण घरात त्या संपाबद्दल इतक्या वेळा ऐकलंय की आजोबा सकाळी साडेसहाला चप्पल घालून तयार होऊन बसायचे आणि मग कुठेच जायचे नाहीत हे मला डोळ्यांनी बघितल्यासारखं आठवतं. बाबा पोस्टात चिकटले होते म्हणून चूल पेटत होती. काका धाकटा, त्याने कुणाच्या तरी ओळखीने पुठ्ठ्याच्या खोक्यांची दलाली सुरू केली, मग स्वतःची खोकी, मग वसई ईस्टला भाड्याचा गाळा, मग शेजारचा गाळा. सकाळी सगळं जग चर्चगेटकडे येत असताना काका दादरहून उलटा वसईला जायचा, बसून, पेपर वाचत, आणि याचं त्याला फार कौतुक. म्हणायचा, "गर्दीच्या उलट जायचं, सीट मिळते." खोक्याची कड अंगठ्याने नुसती दाबून तो सांगायचा, तीन प्लाय आहे, म्हणजे तीन थरांचं, पाच प्लाय आहे, कागद चांगला आहे, कागद भंगार आहे. आम्हा मुलांना ही जादू वाटायची. १९८९ ला त्याने शिवाजी पार्कला फ्लॅट घेतला. जुनी चार मजली बिल्डिंग, लोखंडी जाळीची लिफ्ट, आणि फ्लॅटला दोन दारं, एक लाकडी आणि त्याच्या बाहेर एक जाळीचं. चाळीत आमच्या खोलीचं दार सकाळी उघडायचं ते रात्री झोपताना बंद व्हायचं, त्याच्या बाहेर आणखी एक दार असू शकतं ही कल्पनाच आम्हाला श्रीमंतीची वाटली. बाथटब नाही, एसी नाही, दोन दारं.

चाळीत कुणी आलं तर त्याला घरी कोणी नाही असं सांगायची सोयच नव्हती. जिना चढेपर्यंत चार जण विचारणार कोण पाहिजे, गॅलरीतून कुणीतरी ओरडून सांगणार अहो आहेत आहेत, आत्ताच नळावर होत्या, आणि तुम्ही खरोखर नसाल तर शेजारीण त्याला बसवून पाणी देऊन तुमची खडान्खडा माहिती त्याला देणार आणि त्याची तुमच्यासाठी काढून ठेवणार. हे काही फार मायेपोटी नव्हे. चाळीला मी उगाच हार घालत नाही, त्या गॅलरीत लोकांची आयुष्यं सोलून निघालेली मी बघितलीयत. पण दडवायला जागा नव्हती एवढं खरं. दडवायला दार लागतं.

राजीव गांधी गेले तो मे महिना. मी बारा वर्षांची, सुट्टीत काकाकडे राहायला. दुपारचे बारा-साडेबारा असतील. काकू किचनमध्ये सुमीतच्या मिक्सरवर ओल्या नारळाची चटणी वाटत होती, तो मिक्सर तेव्हा असा ओरडायचा की खालच्या मजल्यावर कळावं. बेल वाजली, मी लाकडी दार उघडलं. जाळीपलीकडे एक बाई, साधारण आईच्या वयाची, अबोली रंगाची साडी, घामाने केस कपाळाला चिकटलेले, आणि तिच्याबरोबर एक मुलगी, माझ्याएवढीच, दोन वेण्या वर बांधलेल्या, हातात मोठं चौकोनी खाकी पाकीट. मला वाटलं ड्रॉइंगचे कागद असतील, मला हेवाही वाटला, मला तेव्हा ड्रॉइंगची परीक्षा द्यायची होती. बाईने विचारलं, "शेठ आहेत का?" काकाला कोणी शेठ म्हणतं हे मला माहीत नव्हतं, मी हसले बहुतेक. मी वळून बघितलं. किचनमधून आमचं दार दिसत नाही, मधे देवघराची भिंत येते, तिथून दिसतं ते फक्त खालचं गेट. पण काकू हॉलच्या टोकाला भिंतीआड आली होती, आवाजाने ओळखलं असेल, आणि हात हलवून नाही म्हणत होती. नुसता हात, नारळाचा चव लागलेला. मिक्सर मागे चालूच.

मी म्हटलं, "घरी कोणी नाहीये."

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. बाईने एकदा माझ्या मागे बघितलं, जिथून तो घरघराट येत होता तिथे, आणि मग माझ्याकडे. रागाने नाही. आमच्या शाळेतल्या बाई चुकलेलं गणित बघून जशा थोडं थांबायच्या, तशी थांबली. म्हणाली, "बरं. मग तो मिक्सर बंद कर हां बाळा. मोटर जळेल."

आणि दोघी जिन्याने खाली गेल्या. लिफ्ट नाही घेतली.

मी दार लावलं. काकू काही बोलली नाही, किचनमध्ये जाऊन मिक्सर बंद केला. मग जेवायला बसलो, चटणीत मीठ नव्हतं, दादाने कुरकुर केली, काकूने वरून मीठ दिलं. मला कुणी रागावलं नाही, शाबासकी दिली नाही, कोण होती ते सांगितलं नाही. संध्याकाळी काकाने मला पार्कात नेऊन भेळ खायला घातली, ती बहुधा अशीच, रोजच्यासारखी, पण त्या भेळेचा हिशोब मी अजून लावतेय.

पुढे घरात एक शब्द कानावर पडायला लागला. "वसईचं." बाकी काही नाही, तेवढंच. आई बाबांना विचारायची, "वसईचं मिटलं का?" आजी उसासा टाकून म्हणायची, वसईचं निघालं की त्याचं डोकं दुखतं. मुलं आली की शब्द बंद. पुस्तकात घाचर घोचर हा असाच घरगुती शब्द आहे, अनिताच्या माहेरी घडलेला, गुंता झाला की म्हणायचा, बाहेरच्या कुणाला कळणार नाही असा. लग्नानंतर ती नवऱ्याला तो शब्द देते आणि दोघं त्यावर हसतात, फार गोड जागा आहे ती. ती वाचताना मला आमचा शब्द आठवला आणि वाटलं, त्यांच्या शब्दात गुंता होता म्हणून तो बोलला जायचा, आणि आमचा शब्द असा होता की तो उच्चारला की पुढे कोणी बोलायचं नाही. गावाचं नाव ते, साधं, स्टेशनवरच्या पाटीवर लिहिलेलं. मला आजही विरार लोकलची अनाउन्समेंट ऐकताना त्या एका स्टेशनला आवाज खाली गेल्यासारखा वाटतो.

आजोबांच्या तेराव्याला, तेव्हा मी कॉलेजात होते, मागच्या खोलीत बायका बोलत असताना मला तुकडे मिळाले. पंचिंग मशीनवरचा माणूस होता. हात गेला म्हणे कुणी, कुणी म्हणे बोटं. आत्या म्हणाली काकाने हॉस्पिटलचं सगळं बिल भरलं, बाकी कोण भरतं. दुसरी म्हणाली कसलं काय, मस्टरवर नावच नव्हतं, ठेकेदाराचा माणूस, त्यामुळे आमचा नाहीच असं सांगून मोकळे झाले. दोन्ही खरं असू शकतं. काकाला मी ओळखते, तो बिल भरेल आणि मस्टरही दाखवेल. पण ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे ते खाकी पाकीट आलं आणि पहिल्यांदा कळलं की ते ड्रॉइंग नव्हतं, एक्स-रे होता. सात-आठ वर्षं मी त्या मुलीचा हेवा करत होते.

पुस्तक वाचलं त्या रात्री एक वाजता मी अंथरुणात मोबाईलवर १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा शोधून वाचला. नवरा म्हणाला ऑफिसचं आहे का, मी म्हटलं हो. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कोष्टक होतं, कुठला अवयव गेला तर कमवायची ताकद किती टक्के गेली असं धरायचं. अंगठा ३०. एका हाताची चारही बोटं ५०. दोन बोटं २०. एकेकटी गेली तर अंगठ्याजवळचं अख्खं बोट १४, मधलं १२, करंगळी ७. भाजीच्या दरांसारखं एकाखाली एक. मी अंधारात माझाच हात वर धरून बोटं मोजत बसले. काका अंगठ्याने खोक्याची कड दाबायचा तेही आठवलं. आणि याच अंधारात, म्हटलं तर मी मोजायला बसलेच आहे, तर माझंही मोजू. माझ्या कॉलेजची फी काकाने भरली. बाबांची बायपास काकाने केली. आमच्या मुलुंडच्या घराला सुरुवातीचे पैसे कमी पडत होते ते काकाने दिले, चेक देताना म्हणाला, "परत करायची घाई नको," आणि आम्ही केली नाही. त्या कॉफी हाऊसमध्ये बसून राहणाऱ्या डायरेक्टरला मी भांडुपच्या आसपास हसले होते.

काका वाईट माणूस नव्हता. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि परत लिहिलं, कारण वाक्य खरं आहे, फक्त ते मी कुणाला सांगतेय ते कळत नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा स्मशानात वसईहून एक टेम्पो भरून माणसं आली होती, रडत होती, खरंच रडत होती. मी त्यांचे हात बघत होते.

तर मी ते पुस्तक काकूला का दिलं? मैत्रिणीला मी सांगितलं, काकूला वाचायला काहीतरी हवं होतं. ते खोटं नाही. त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, घर खाली करायचंय, पुस्तकं सगळी बांधून झालीयत आणि तिला दुपार जात नाही. पण घरात डझनभर पुस्तकं असताना मी नेमकं तेच उचललं. स्वतः विचारायची हिंमत नाही म्हणून एका कन्नड माणसाला पुढे केलं.

आणि तिने मुंग्यांचं सांगितलं. बरोबर आहे, मुंग्यांचं छानच लिहिलंय, त्या जुन्या घरात मुंग्या आणि आई यांचं जे युद्ध आहे ते वाचून कुणालाही आपलं घर आठवेल, आमची आजी साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवायची आणि कपाटाच्या चारी पायांखाली वाट्या. काकूने त्याच चाळीत लग्नानंतरची पहिली काही वर्षं काढली. तिला मुंग्या आठवल्या असतील. पण मग कोपरा?

मागच्या रविवारी परत गेले, बांधाबांधीला मदत म्हणून. हॉलभर खोकी. दादाने धंदा कधीच विकला, त्यामुळे खोकी पॅकर्सकडून आलेली, आणि काकू एकेक खोकं उचलून कड अंगठ्याने दाबत होती. "तीन प्लाय. तळ सुटणार बघ याचा. आडवी पण टेप मार, नुसती उभी नको." मी तळाला ब्राऊन टेपचा क्रॉस मारत होते, ती ताटं वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मिक्सर निघाला माळ्यावरून. तोच, पिवळा पडलेला, भांड्याचं झाकण नाही, वायरला चिकटपट्टी. मी म्हटलं काकू हा चालतो का अजून? ती म्हणाली न चालायला काय झालं, मोटर चांगली आहे त्याची.

मोटर हा शब्द तिने सहज वापरला की नाही मला माहीत नाही. मी टेपचं टोक शोधत होते, ते नेहमीप्रमाणे सापडत नव्हतं, नखाने खरवडता खरवडता, तिच्याकडे न बघता मी विचारलं, "काकू, ती बाई आठवते तुला? मी सुट्टीला आले होते, दारात आलेली? मुलगी होती बरोबर. अबोली साडी."

"कोण गं?" काकू म्हणाली. "किती लोक यायचे तेव्हा." आणि मिक्सर वर्तमानपत्रात गुंडाळला, दोनदा, मग एक जुना टॉवेल घेऊन त्यावरून परत, एवढा जपून की ताटंसुद्धा तशी गुंडाळली नव्हती. मग म्हणाली कढी करते, जेवूनच जा. मी जेवले. कढीत मीठ बरोबर होतं. आम्ही नवीन जागेचं भाडं, दादाच्या मुलीची परीक्षा, ट्रान्सपोर्टवाला किती मागतोय असं सगळं बोललो. तिने मला जुन्या परातींपैकी एक दिली, नको नको म्हणताना पिशवीत कोंबली.

निघताना ती लिफ्टपर्यंत आली, नेहमी येते. आतली जाळी मी ओढली, बाहेरची तिने ओढली, ती जरा अडकते, तिला ती युक्ती माहीत आहे, आधी किंचित वर उचलायची. मी बटण दाबलं. लिफ्ट हलायच्या आधी ती जो क्षणभर विचार करते, तेवढ्यात काकू म्हणाली, "अबोली नव्हती गं. मोरपंखी होती. काठ अबोली होते."

आणि लिफ्ट निघाली. मी काहीतरी म्हणाले, काय ते आठवत नाही, परात जाळीवर आपटून मोठा आवाज झाला. वर बघितलं तर तिचा चेहरा गेला होता, मग साडीच्या निऱ्या, आणि मग जाळीपलीकडे फक्त तिचे पाय, स्लिपरमधले, तिथेच उभे.